ऋणको, धनको आणि क्रूस : वसई धर्मप्रांताच्या बिशपांना खुले पत्र



आपल्या धर्मप्रांताची हद्द वसईच्या बागायती गावांपाशी संपत नाही. वैतरणा ओलांडून ती पालघर, बोईसर, डहाणू, तलासरी आणि वर जव्हार-मोखाड्यापर्यंत गेलेली आहे, आणि ज्या प्रश्नासंबंधी मी हे पत्र जाहीररीत्या लिहीत आहे तो वसईच्या जुन्या, स्थिरावलेल्या धर्मग्रामांपेक्षा या उत्तरेकडील मुलखात अधिक तीव्रतेने भेडसावतो. प्रश्न पुरातन आहे. परमेश्वर न्यायी असेल तर तो पाप्याला क्षमा कशी करतो, आणि तो क्षमा करीत असेल तर त्याच्या न्यायाचे काय होते? ख्रिस्ती धर्म याचे उत्तर क्रूसाकडे बोट दाखवून देतो, आणि ते उत्तर खरे आहे अशी माझी श्रद्धा आहे. परंतु दरवर्षी उपवासकाळात त्या उत्तराचे जे रूप लोकांच्या कानी पडते, ते, ज्याने आपले आयुष्य पालघरच्या न्यायालयात फिर्यादी, जाबजबाब आणि हुकूमनामे यांच्या सहवासात घालविले अशा माझ्यासारख्या प्रापंचिकाच्या न्यायबुद्धीला दुखावते, आणि, याहून गंभीर म्हणजे, ज्यांच्यावर आधीच अन्याय झालेला आहे त्यांच्या पदरी ते दुसरा अन्याय घालते, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

ते रूप थोडक्यात असे : मनुष्याने पाप केले, पापाची शिक्षा मरण, शिक्षा दिल्यावाचून पित्याचा कोप शमेना, म्हणून त्याने ती शिक्षा आपल्या निरपराध पुत्रावर लादली आणि प्रकरण निकालात निघाले. बोईसरच्या वसाहतींतून रविवारी भरणाऱ्या लहानमोठ्या प्रार्थनासभांत हे उघडपणे सांगितले जाते, आणि आपल्या देवळांतील प्रवचनांतही, शब्द सौम्य करून का होईना, पुष्कळदा हेच सांगितले जाते. यावर कोणीही सरळ बुद्धीचा मनुष्य विचारील की, एकाच्या खुनाबद्दल दुसऱ्याला फाशी देणे हा इन्साफ कोणत्या दरबारचा? दिवाणी कामात ऋणकोचे देणे त्याच्या भावाने, मित्राने किंवा अनोळखी दात्याने फेडले तरी चालते. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 41 वे कलम असे आहे की, धनकोने तिऱ्हाइताकडून फेड स्वीकारली म्हणजे मूळ ऋणकोवर त्याला पुन्हा तगादा लावता येत नाही. फौजदारी कामात मात्र असा दरवाजा नाही. आरोपी पळाला तर जामीनदाराची रक्कम सरकारजमा होते, पण आरोपीच्या वाटणीचा तुरुंगवास जामीनदाराकडून कोणी भोगवून घेत नाही, कारण पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकतो. अपराध जाऊ शकत नाही.

हा आक्षेप आजचा नव्हे. फाउस्तो सोझिनी या इटालियन विचारवंताने 1594 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो फार कठोरपणे मांडला, आणि त्याला उत्तर देण्यासाठी 1617 साली ह्यूगो ग्रोशियससारख्या युरोपातील अग्रगण्य कायदेपंडिताला लेखणी उचलावी लागली. सोझिनीचा पेच आमच्या करार कायद्याच्या भाषेत मांडता येतो. 41 वे कलम फेडीचे आहे, तर 63 वे कलम धनकोला आपले येणे पूर्णतः किंवा अंशतः सोडून देण्याची मुभा देणारे, म्हणजे सुटीचे आहे. फेड झाली असेल तर सूट दिली असे म्हणता येत नाही, आणि सूट दिली असेल तर फेड मागता येत नाही. मग ख्रिस्ताने आमचे देणे फेडले आणि परमेश्वराने ते आम्हांला माफ केले, या दोन्ही गोष्टी एकाच दमात कशा काय बोलता, असा त्याचा सवाल होता. आमच्याकडे 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जे वाद झाले, त्यांच्या मागेही हीच अडचण निराळ्या वेषात उभी होती; कारण ज्याचे कर्म त्यानेच भोगावयाचे, या सिद्धान्तावर पोसलेल्या मराठी मनाला परक्याच्या खांद्यावर टाकलेले पाप ही कल्पना केवळ असत्य नव्हे तर अधर्म्य वाटते. त्या मनाचा मी अव्हेर करू इच्छीत नाही. जगात कोणतेही देणे आपोआप नाहीसे होत नाही, कोणीतरी ते सोसल्यावाचून ते संपत नाही, ही त्याची जाणीव अचूक आहे, आणि पुढे मी जे म्हणणार आहे ते या जाणिवेच्या आधारानेच म्हणणार आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट नमूद करावयास हवी. कोपिष्ट पित्याने निरपराध पुत्राला शिक्षा केली, ही मांडणी आपल्या धर्मसभेच्या मूळ परंपरेतली नव्हे. कँटरबरीचे आर्चबिशप संत अन्सेल्म यांनी 1098 च्या सुमारास पूर्ण केलेल्या, परमेश्वर मनुष्य का झाला या विषयावरील ग्रंथात पापाला दोनच शेवट सांगितले आहेत : एक तर भरपाई, नाही तर शिक्षा. हे दोन पर्याय आहेत. पहिला झाला तर दुसऱ्याची गरज उरत नाही. म्हणजे अन्सेल्म यांच्या मते ख्रिस्ताने शिक्षा भोगली नाही. शिक्षेची वेळच येऊ नये म्हणून, जे मनुष्याने द्यावयाचे होते आणि त्याला देता येत नव्हते, ते त्याने आपण होऊन अर्पण केले. भरपाईचे शिक्षेत रूपांतर पुढे साडेचार शतकांनी ठळक झाले, आणि ते ज्यांच्या हातून विशेषेकरून झाले ते कॅल्व्हिन हे धर्मपंडित होण्यापूर्वी कायद्याचे विद्यार्थी होते. कायद्याने त्यांना पुष्कळ दिले, परंतु येथे फौजदारी न्यायालयाचा साचा धर्मरहस्यावर नको इतका घट्ट बसला, असे एका कायद्याच्याच माणसाने म्हणण्यास हरकत नसावी.

स्वखुशीने दिलेला प्राण आणि लादलेली शिक्षा यांतील अंतर पालघरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. 14 ऑगस्ट 1942 रोजी या गावात निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकूर गोविंद मोरे असे पाच जण धारातीर्थी पडले. त्यांनी आमच्यासाठी प्राण दिले असे आम्ही दरवर्षी कृतज्ञतेने म्हणतो, आणि ते अक्षरशः खरे आहे. पण आमच्या वाटची शिक्षा सरकारने त्यांना दिली आणि त्यामुळे न्याय तृप्त झाला, असे म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही. त्या दिवशी जो न्याय म्हणून मिरवला तो अन्यायच होता, आणि तो त्यांनी पाठ न फिरवता अंगावर घेतला, यातच त्यांचे तेज आहे. पिलाताच्या निवाड्याकडेही असेच पाहावयास हवे. तो निवाडा परमेश्वराचा नव्हता. तो भ्यालेल्या सुभेदाराचा, मत्सरी पुढाऱ्यांचा आणि बिथरलेल्या जमावाचा होता.

मग क्रूसावर न्याय कोठे झाला? येथे मी पुन्हा 63 व्या कलमाकडे येतो. धनको जेव्हा आपले येणे सोडून देतो तेव्हा ती रक्कम हवेत विरून जात नाही; जी तूट ऋणकोच्या घरी यावयाची ती धनकोच्या घरी येते, इतकेच. फुकट दिलेली सूट या जगात कोणी पाहिलेली नाही. देणारा ती आपल्या पदरचे घालूनच देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात ज्या चाकराची कथा आहे त्याचे राजाकडील देणे दहा हजार तालांत होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी, हे लक्षात घेतले म्हणजे ती रक्कम 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतकी होते. राजाने एका शब्दाने ती सोडली, असे आपण वाचतो आणि पुढे जातो. पण त्या एका शब्दाने राजाच्या खजिन्यात केवढे खिंडार पडले याचा हिशेब प्रवचनात सहसा होत नाही. तो केला की सोझिनीचा पेच सुटतो. फेड आणि सूट यांत विरोध आहे तो फेडणारा तिऱ्हाईत असेल तेव्हाच. फेडणारा स्वतः धनकोच असेल तर सूट हीच फेड होते, आणि फेड हीच सूट. पुत्र हा तिऱ्हाईत नव्हे. ख्रिस्ताच्या ठायी परमेश्वर स्वतःच जगाशी समेट करीत होता, असे पौल करिंथकरांना लिहितो, आणि त्रैक्याचा सिद्धान्त क्रूसापाशी सोडून दिला की मागे उरते ते एका निष्ठुर बापाचे चित्र.

आर्थिक व्यवहाराला जे लागू आहे ते अपमान, विश्वासघात आणि द्वेष यांना अधिकच लागू आहे. दुखावलेल्या मनुष्यापुढे दोनच मार्ग असतात : झालेली इजा परत करावी, नाही तर ती आपल्यातच जिरवावी आणि पुढे जाऊ देऊ नये. दुसरा मार्ग क्षमेचा, आणि तो पहिल्याहून महाग. परंतु हा मार्ग आणि दुर्लक्ष यांची गल्लत करू नये. दुर्लक्ष करणारा म्हणतो की झाले ते विशेष नव्हते. क्षमा करणारा म्हणतो की झाले ते भयंकर होते, आणि तरीही मी ते तुझ्यावर उलटविणार नाही. न्यायाची पहिली मागणी हीच असते की अपराधाला अपराध म्हटले जावे आणि त्याचे वजन कमी करून सांगितले जाऊ नये. क्रूसावर ती मागणी यत्किंचितही कमी न करता पुरी झाली, कारण मनुष्याचे वैर किती खोल जाते हे तेथे संपूर्ण उघडे पडले. आणि क्षमाही तेथेच पुरी झाली, कारण ते वैर ज्याच्यावर कोसळले त्याने ते परत केले नाही.

येथवर ज्ञानी धर्मगुरूंना मी काही नवे सांगितले असे नाही. माझे गाऱ्हाणे यापुढचे आहे, आणि ते समजण्यासाठी या जिल्ह्याचा एक जुना रोखा उघडावा लागेल.

डहाणू, तलासरी आणि पालघरच्या पाड्यांवर स्वातंत्र्यापूर्वी आणि नंतरही कित्येक वर्षे लग्नगडी नावाची रीत होती. वारली तरुणाने लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलावी, आणि तिच्या मोबदल्यात त्याने व त्याच्या बायकोने जन्मभर त्याच्या शेतावर राबावे. कर्ज कधी फिटू नये, आणि बाप मेला की ते मुलाच्या माथी यावे. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात या गुलामीची नोंद केली. मे 1945 मध्ये झरी गावी वारल्यांनी वेठ नाकारण्याची शपथ घेतली, शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मरण पावले. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असली सारी कर्जे एका फटक्यात रद्द केली आणि सावकाराला त्याबद्दल छदामही देऊ केला नाही. 1978 साली डहाणू भागात कष्टकरी संघटना उभी राहिली. तिच्या आरंभकर्त्यांत येशूसंघातून बाहेर पडलेले तरुण होते, ही गोष्ट आपल्या धर्मसभेने अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नव्या करारात तारणाचे वर्णन खंडणी भरून गुलामाला सोडविण्याच्या भाषेत आले आहे, आणि कर्ज हे पापाचे रूपक झाले आहे. हे रूपक जसेच्या तसे एखाद्या पाड्यावर नेऊन ठेवले म्हणजे काय होते, याचा विचार व्हावा. ऐकणारा वारली स्वतःला ऋणको समजतो, आणि परमेश्वराच्या जागी त्याच्या डोळ्यांपुढे सावकार उभा राहतो, वही घेऊन, व्याज लावून, एकाच्या बदली दुसऱ्याला वेठीस धरणारा. परमेश्वराच्या वहीत मात्र ही नावे उलटी लिहिलेली आहेत. तेथे सावकार ऋणको आहे आणि वारली धनको. पिढ्यान् पिढ्यांचे बुडविलेले श्रम, हिरावलेली जमीन, स्त्रियांची विटंबना, हे सारे येणे वारल्याचे आहे. आणि ज्या धर्मोपदेशात हा जमाखर्च सरळ मांडला जात नाही त्यात क्षमेचा उच्चार करणे म्हणजे धनकोलाच कर्जदार ठरवून वर त्याला उदार होण्याचा उपदेश करणे होय.

आणि मग खरा बिकट सवाल उभा राहतो. सावकाराला क्षमा कोणी करावयाची? फौजदारी कायद्यात जे अपराध आपसांत मिटविण्याची मोकळीक आहे, त्यांच्या यादीत प्रत्येक अपराधासमोर ते मिटविण्याचा अधिकार कोणाचा हेही लिहिलेले असते, आणि तो ज्याला इजा झाली त्याचा असतो. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना संविधानाच्या 72 व्या आणि 161 व्या अनुच्छेदांनी शिक्षा माफ करण्याचा अधिकार दिलेला आहे. पण ती माफी शिक्षेची, फिर्यादीच्या दुःखाची नव्हे. तसेच परमेश्वराने वरच्या सिंहासनावरून, वारल्याला वगळून, सावकाराला परस्पर माफी दिली तर ती सत्तेची माफी होईल. न्यायाची होणार नाही. क्रूसाचे रहस्य मला येथे सर्वांत खोल वाटते. परमेश्वर सिंहासनावर राहिला नाही. तो परकीय अंमलाखालच्या एका गरीब जमातीत जन्मला, खोट्या साक्षींवर दोषी ठरला, आणि गुलामांसाठी व बंडखोरांसाठी राखून ठेवलेल्या मरणाने वेशीबाहेर मेला. अगदी लहानातल्या लहानाला जे केले ते मला केले, असे त्याने अगोदरच सांगून ठेवले होते. म्हणजे तलवाड्याच्या माळावर गोळी लागली ती त्यालाही लागली. तो फिर्यादीच्या रांगेत येऊन उभा राहिला, आणि म्हणून त्याला क्षमा करण्याचा अधिकार आहे : राजा म्हणून नव्हे, सहफिर्यादी म्हणून. ज्याने त्या रांगेतील शेजाऱ्याला डावलून केवळ त्याच्याकडे माफी मागितली, त्याला तो त्या शेजाऱ्याकडेच परत पाठवितो. वेदीपाशी देणगी ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करून ये, ही त्याची आज्ञा याहून दुसरे काय सांगते?

हे सारे जुन्या दप्तरातले झाले, असे कोणी समजू नये. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर मिळून सुमारे 160 कोटी रुपयांची भरपाई बसविली. जो दूषित करील त्याने भरावे, हे तत्त्व न्याय्य आहे आणि लवादाचा निर्णय मोलाचा आहे. परंतु रक्कम भरली म्हणून नवापूर-मुरब्याच्या किनाऱ्यावरील मासळी दुसऱ्या दिवशी परत येत नाही, आणि जाळे रिकामे ओढणाऱ्या मच्छीमाराचे येणे सरकारी तिजोरीत जमा झालेल्या पैशाने आपोआप चुकते होत नाही. शिक्षा ही न्यायाची अर्धी बाजू आहे. बिघडलेले पूर्ववत करणे ही उरलेली अर्धी, आणि बायबलात न्याय हा शब्द येतो तेव्हा बहुधा ही दुसरी बाजू अभिप्रेत असते. जक्कय या जकातदाराने ख्रिस्ताच्या पंक्तीला बसल्यावर काय केले? अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट. त्याला क्षमा या परतफेडीच्या बदल्यात मिळाली नाही, ती आधीच मिळाली होती. पण ती खरोखर मिळाली याचा पुरावा ही परतफेड होती. 1992 साली प्रसिद्ध झालेला आपला धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की, पापमुक्ती मिळाली तरी केलेली हानी शक्य तितकी भरून काढणे, चोरलेले परत करणे, घालविलेली अब्रू सावरणे, हे कर्तव्य उरतेच.

आता विनंती. येत्या उपवासकाळापूर्वी आपण आपल्या धर्मगुरूंना या विषयावर एक परिपत्रक पाठवावे, आणि त्यात पित्याच्या कोपाची आणि पुत्रावर लादलेल्या शिक्षेची भाषा वापरू नये असे स्पष्ट सांगावे. कारखान्यातील स्फोटात नवरा गमावलेल्या बाईला, दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या पत्नीला, जमीन गेलेल्या आदिवासीला, क्षमा कर आणि आपला क्रूस उचल, असे सांगण्यापूर्वी ज्याने इजा केली त्याच्या दारी धर्मगुरूने आधी जावे. क्षमेची वेळ आणि क्षमेचा शब्द हा त्या दुखावलेल्यांचा हक्क आहे, तो व्यासपीठावरून कोणी वसूल करू नये. पापनिवेदनास आलेल्या धनवंताला, मालकाला, ठेकेदाराला, जपमाळेबरोबर हाही प्रश्न विचारला जावा की, कोणाचे किती देणे आहे आणि ते केव्हा फेडणार. आपल्याच धर्मप्रांतातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीला सुबोध बायबल दिले आणि त्याच हाताने वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बलदंडांशी झुंज घेतली. ही दोन कामे त्यांना निराळी वाटली नाहीत, आणि आपल्या तरुण धर्मगुरूंनाही ती निराळी वाटू नयेत.

हे परिपत्रक मराठीत निघेलच. परंतु बोईसरच्या धर्मग्रामात मिस्साला येणारे पुष्कळ कामगार केरळ, तामिळनाडू आणि उत्तरेकडील प्रांतांतून आलेले आहेत, आणि पाड्यांवरील भाविकांची घरची बोली वारली आहे. तेव्हा ते त्यांच्या भाषांतही वाचले जावे, आणि वाचून झाल्यावर लोकांना प्रश्न विचारण्यास वेळ द्यावा, एवढे आणखी मागून हे पत्र पुरे करतो.

आपला नम्र,
पालघर येथील एक वकील आणि आपल्या धर्मप्रांतातील प्रापंचिक